मधल्या सीटवरून

४ मार्च

पान्या,

आशीर्वाद तर आहेतच, पण सोबत एक तंबी. हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय 'मला जमायचं नाही' असं कळवायचं नाही.

तुझ्या भाच्याने तुझं जूनचं तिकीट काढलं आहे. परवा फोनवर तू 'बघू, बघू' म्हणालास ते मी ऐकलं. मी म्हणजे सगळ्या घरानेच ऐकलं. माझं कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं, म्हणून फोन टेबलाच्या मधोमध मोठ्या आवाजावर ठेवून बोलावं लागतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म घालवलेल्या बाईची ही तऱ्हा. आम्हाला तिथे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की जोडून दिलं की आपला कान काढून घ्यायचा. इथे माझं बोलणं नातीसकट सगळे ऐकतात आणि जेवताना त्यावर चर्चा होते. म्हणून हे पत्र. उशिरा पोचेल, पण ते वाचणारा तू एकटाच.

आता प्रवासाचं ऐक. विमानं दोन आहेत. पहिलं लहान पल्ल्याचं, मधे एका परक्या विमानतळावर उतरायचं आणि तिथून दुसरं, समुद्रावरचं. बॅग एकदाच द्यायची, ती परस्पर इथे येते. मधल्या विमानतळावर ती शोधत पट्ट्यापाशी उभा राहू नकोस, मी राहिले होते. तिथे पुन्हा तपासणी होते. पट्टा काढायला लावतात, तेव्हा कमरेला नीट बसेल अशी पँट घाल. दुसऱ्या विमानाच्या दाराचा नंबर आयत्या वेळी बदलतात आणि नवीन दार नेमकं दुसऱ्या टोकाला असतं. माणसांना काही विचारलंस तर ती बोट दाखवतात, पाटी वाचायची ती तुझी तुलाच.

आणखी एक. मुलगा म्हणतो, मामा येतोच आहे तर आईचं तिकडचं उरलंसुरलं सामान घेऊन येईल, म्हणजे ते घर रिकामं करून देऊन टाकता येईल. उगीच बंद घर कशाला ठेवायचं, असं त्याचं म्हणणं. तू काय काय आणायचं ते मी पुढच्या पत्रात कळवते.

तुझी,
ताई


२२ मार्च

ताई,

नमस्कार. वाकून करायला गुडघे तयार नाहीत, तेव्हा उभ्यानेच घे.

पत्र शेवटपर्यंत वाचलं. आता सांगतो, मला जमायचं नाही. अगं, उभा जन्म मी हातात पाना घेऊन लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना बाहेर काढण्यात घालवला. त्यातली एकही हौसेने आत बसली नव्हती. आणि तू मला तिकीट काढून आत बसायला सांगतेस! लिफ्ट अडकली तर दोन मजल्यांच्या मधे अडकते, माझ्यासारखा कोणीतरी वरून वाकून विचारतो, 'काय हो, बरे आहात ना?' तुझं विमान अडकलं तर खाली अख्खा अटलांटिक महासागर. तिथे वाकून कोण विचारणार?

माझं बरं चाललं आहे. हल्ली चौथ्या मजल्यापर्यंत जिनेच चढतो. डॉक्टरांनी सांगितलं आहे, हृदयाला चांगलं असतं म्हणे. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई मला चिडवते की लिफ्टवाल्यानेच लिफ्टशी कट्टी घेतली. घेतली तर घेतली.

तुझ्या घरी दर आठवड्याला जातो. खिडक्या उघडतो, झाडांना पाणी घालतो, थोडा वेळ तुझ्या खुर्चीत बसतो. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, त्याचा वायसर बदलला. समोरचा घड्याळवाला रोज विचारतो, बाई कधी येणार? मी म्हणतो, विचारून सांगतो. तर काय सांगू?

आणि तू तुझं काहीच लिहीत नाहीस. तुझी खोली कशी आहे? खिडकी कुठल्या बाजूला आहे? सकाळी ऊन येतं का? पट्ट्या आणि पाट्या पुष्कळ झाल्या, हे लिही. घर द्यायचं म्हणतेस तेही नीट कळव. म्हणजे तू कायमची तिथेच राहणार का?

तुझा,
पान्या


१० एप्रिल

पान्या,

जमायचं नाही म्हणतोस पण तिकीट परत कर असं काही लिहिलं नाहीस, म्हणजे अर्धा तयार आहेस. आता दुसऱ्या विमानाचं सांगते, खरा प्रवास तोच.

तुला मधली सीट मिळाली आहे. स्वस्त वर्गात आपल्यासारख्यांना तीच मिळते. एक माणूस खिडकीशी, एक वाटेच्या बाजूला, मधे तू. हात टेकायला दोन दांड्या, त्या दोन्ही त्यांच्या. कोणी भांडून घेत नाही, त्यांचे हात आधीपासून तिथे असतात इतकंच. माणसं वाईट नसतात, हे आधी ध्यानात ठेव. वाटेशी बसलेला तर फार भला असतो. 'उठायचं असेल तर खुशाल सांगा' असं आपण होऊन म्हणतो. पण त्याच्या मांडीवर कॉम्प्युटर असतो, पुढ्यात कप असतो, डोळे मिटायला आलेले असतात. त्याला उठवायचं म्हणजे त्याचा सगळा संसार आवरायला लावायचा. मग आपणच म्हणतो, जाऊ दे, इतकं काही अडलं नाही. हळूहळू आपण पाणी कमी प्यायला लागतो.

पुढचा आपली सीट मागे टेकवतो आणि टेबल तुझ्या पोटाला लागतं. त्याचंही चुकत नाही, त्याला तितकी मुभा असते. खिडक्यांची झापडं खाली ओढायला लावतात. बाहेर लख्ख दुपार, आत मुद्दाम केलेला अंधार. एकाला झोपायचं असलं की सगळ्यांनी झोपायचं. थोडं उघडता का, असं खिडकीवाल्याला विचारावंसं वाटतं, पण खिडकी त्याची. जेवणात दोन प्रकार असतात, गाडी आपल्यापर्यंत येईस्तोवर एकच उरतो आणि मग हसून विचारतात, 'हे चालेल ना?' आपण म्हणायचं, चालेल. समोरच्या पडद्यावर निळ्यावर एक इवलंसं विमान दाखवतात. मधेच बघावं तर ते हललेलंच नसतं.

पहिले काही महिने जड जातात. मग माणूस शिकतो. कुणाला न उठवता कसं बसायचं, कोणत्या वेळेला पाय मोकळे करून घ्यायचे, हे सगळं जमायला लागतं. तू घाबरू नकोस. मी अगदी आरामात आहे.

नात मजेत आहे. तिला माझ्याशिवाय झोप लागत नाही.

ताई


२७ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मी तुझ्याच घरी, तुझ्याच खुर्चीत बसून दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चहा गार झाला.

तू विमानात एकदाच बसलीस. कितीही रखडलं तरी विमान दिवसभरात पोचतं. 'पहिले काही महिने' कुठले गं?

मी तुला खोलीचं विचारलं, तू सीटचं सांगितलंस. खिडकीचं विचारलं, तू झापडांचं सांगितलंस. कायमची राहणार का विचारलं, तर पडद्यावरचं विमान हलत नाही म्हणालीस. सामानाची यादी पाठवणार होतीस, तीही नाही.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. लिफ्ट अडकली की जो आत आरडाओरडा करायचा, दारावर लाथा मारायचा, त्याची मला फार काळजी वाटत नसे. त्याच्या अंगात धग असायची. पण कोणी शांतपणे आतून म्हणालं, 'मी आरामात आहे, तुमचं सावकाश चालू द्या,' की मी हातातलं सगळं टाकायचो. त्या माणसासाठी मी जिने धावत चढायचो. आतल्याने सगळं सोडून दिलेलं असायचं.

मग आमची एक रीत होती. आत असलेल्याने दाराला हात लावायचा नाही, कारण ओढाओढीत दार जास्तच अडकून बसतं. बाहेर असलेल्याने बोलणं थांबवायचं नाही. साधं साधं विचारत राहायचं, आणि त्याने खरं खरं सांगायचं. मी तेच तुला विचारतो. तुझ्या हातात आत्ता काय आहे? बसलीस तिथून काय दिसतं? तुझ्या घराचं दार कुणीकडे उघडतं?

थट्टा नाही, ताई. उत्तर दे. मी बाहेर उभा आहे.

पान्या


१५ मे

पान्या,

एका हातात पेन आहे. दुसऱ्या हातात नातीचा मोजा आहे, त्याचा जोडीदार सापडत नाही.

बसले आहे तिथून कपाटाची बाजू दिसते आणि खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत. भिंतीवर एक पाइप आहे. ऊन येत नाही, पण दुपारी त्या पाइपावर थोडं पडतं, ते मी बघते. माझी खोली सगळ्यात आत आहे. बाहेर यायचं तर नातीच्या खोलीतून यावं लागतं आणि तिची झोप पाखरासारखी. ती झोपली की मी आत. पाणी मी खरंच कमी पिते.

दाराचं विचारलंस. दार बाहेरच्या बाजूला उघडतं आणि उघडलं की वाजतं. घरात नाही, मुलाच्या आणि सुनेच्या फोनवर वाजतं. त्याला कारण मीच. मागच्या वर्षी एका सकाळी सून नातीपाशी घरी होती, म्हणून मी दोरा आणायला खाली उतरले. हवा छान होती म्हणून पुढे चालत गेले. एका रस्त्यावर कपडे धुवायच्या मशीनचं दुकान होतं, आत ऊब होती, बाया गप्पा मारत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांची भाषा मला धड कळत नव्हती, तरी मी बसले. एकीच्या चादरीची दोन टोकं धरून तिला घडी घालू लागले. इतकं बरं वाटलं की वेळेचं भानच राहिलं नाही. इकडे मुलगा ऑफिस सोडून रस्तोरस्ती मला शोधत फिरत होता. मी दिसले तेव्हा तो भर रस्त्यात रडला. त्याच आठवड्यात दाराला ते यंत्र बसलं. आता मी दार उघडलं की लगेच घरचा फोन खणखणतो, 'आई, कुठे निघालीस?' आवाजात राग नसतो, काळजी असते. म्हणून तर काही बोलता येत नाही. कितीदा चपला घालून दारापाशी उभी राहते, तो मीटिंगमधून उठून फोन करतोय असं डोळ्यासमोर येतं, आणि चपला काढून ठेवते. फक्त दुपारी नातीला घेऊन बागेत जाते तेव्हा कोणी विचारत नाही. कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकते ते तेव्हाच.

माझं परतीचं तिकीट होतं. तारीख आली तेव्हा नात तापाने फणफणली होती, म्हणून ते पुढे ढकललं. त्यानंतर त्याचं नाव कोणी काढलं नाही. मीही नाही. पासपोर्ट त्याच्या ऑफिसच्या कपाटात आहे, घरात हरवेल म्हणून. मागितला तर देईल. पण कशाला हवा, असं विचारेल, आणि ते मला सांगता येत नाही. ते दोघे सकाळी जातात ते दिवे लागल्यावर येतात. मी गेले तर पोरीचं कोण बघणार? एकदा सहज म्हटलं, तिकडे जाऊन यावं. तर म्हणाला, 'आई, तिकडे आता तुझं कोण आहे?' मी म्हटलं, पान्या आहे. तर हसला. लाडाने हसला.

मला घरी यायचं आहे, पान्या. माझ्या घरी, माझ्या खुर्चीत. हे आजवर मी स्वतःशीसुद्धा म्हटलेलं नाही. सामानाची यादी मला लिहिता आली नाही. कागद घेतला की वाटायचं, एकदा ते सामान इथे आलं की संपलंच.

हे त्याला बोलू नकोस. फोनवर तर मुळीच नको.

ताई


१ जून

ताई,

बोलत नाही.

सामानही आणत नाही. तुझ्या घरातली एक वाटीसुद्धा जागची हलवलेली नाही. किल्ली माझ्या खिशात आहे. घड्याळवाल्याला सांगितलं, बाई लवकरच येणार.

तू काहीही करू नकोस. भांडू नकोस, रडू नकोस, एकटीने दाराशी ओढाताण करू नकोस. तू एक्स्चेंजमध्ये लोकांना म्हणायचीस तेच आज मी तुला म्हणतो. लाईनवर राहा.

येतोय.

पान्या


२१ जून, मधल्या विमानतळावर

ताई,

हा कागद म्हणजे विमानातली ओकारीची पिशवी आहे. घाबरू नकोस, कोरी आहे. दुसरा कागद जवळ नव्हता. ही पेटीत टाकणार नाही. तुझ्यापर्यंत पोचलो तर हातात देईन. नाही पोचलो तर घरून पाठवेन.

पहिलं विमान पार पडलं. सामान घेणाऱ्या मुलीने माझी थोरली बॅग काट्यावर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. काटा हलायला तयार नव्हता. 'आजोबा, ही रिकामी आहे का?' मी म्हटलं, 'जाताना रिकामी, येताना भरलेली.' विमानात मी दाराची कडी कशी बसते ते बघायला उठलो, तर हवाईसुंदरी धावत आली आणि मला धरून जागेवर नेऊन बसवलं. तिला वाटलं मी दार उघडतोय. अगं, मी नुसता बिजागऱ्या बघत होतो! त्यानंतर विमान उतरेपर्यंत तिने माझ्यावरची नजर काढली नाही.

इथवर सगळं तू सांगितलंस तसंच झालं. पट्टा काढायला लावला, दाराचा नंबर बदलला, मी पाटी वाचत वाचत दुसऱ्या टोकाला गेलो. रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला. मग तो बोगदा लागला, दारापासून विमानापर्यंतचा. त्याचं तू काही लिहिलं नव्हतंस. दोन्ही बाजूंना भिंती, वर छत, पुढे माणसं, मागे माणसं, आणि रांग थांबली. पुढे कोणी हलेना. ताई, माझ्याने राहवलं नाही. मी वळलो आणि लोकांना ढकलत उलटा बाहेर आलो. त्यांना माझी बॅग विमानाच्या पोटातून शोधून काढावी लागली. इतक्या माणसांचं विमान माझ्यापायी खोळंबलं. मग ते गेलं. मी काचेतून बघत होतो.

जिने मला डॉक्टरांनी सांगितलेले नाहीत. नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका सुट्टीच्या दिवशी, रिकाम्या ऑफिसच्या इमारतीत मी दुरुस्तीला एकटाच गेलो आणि स्वतःच आत अडकलो. इमारतीत चिटपाखरू नव्हतं. मी माझे मलाच प्रश्न विचारले. हातात काय आहे, काय दिसतं. उत्तरंही मीच दिली. थोड्या वेळाने उत्तर येईना. दुसऱ्या दिवशी झाडूवालीने आवाज ऐकला. तेव्हापासून मी लिफ्टमध्ये पाय ठेवलेला नाही. तुला सांगितलं नाही, कारण मग तू मला 'पान्या' अशी हाक कशी मारणार!

आता इथे बसलो आहे. पुढे जायचं तर विमान, मागे जायचं तरी विमान. आणि विमानतळाबाहेर पडायची मला परवानगी नाही, या देशाचा कागदच माझ्याकडे नाही. चहूबाजूंनी काच आणि काचेपलीकडे मोकळं आभाळ. इतका अडकलेला माणूस मी माझ्या नोकरीत बघितला नाही.

काउंटरवरची बाई चांगली आहे. ती म्हणते, संध्याकाळी आणखी एक विमान आहे, त्यात एक जागा उरली आहे. मधली. नाहीतर मागे जाणारंही एक आहे. विचार करून सांगा म्हणाली. हवा तर घरी फोन लावून देते म्हणाली. मी तुझ्याकडे लावायला सांगितला आहे. सगळे ऐकतील, माहीत आहे. मी काही बोलणार नाही तुझं. नुसतं मागे जातोय एवढंच सांगेन.

माफ कर गं.

पान्या


२१ जून, घरी

पान्या,

हे पत्र पेटीत टाकायचं नाही. तू दिसलास की हातात देईन. बोलून सांगेनच, पण तुला भेटल्यावर मला रडू येणार आणि तू विनोद करणार, म्हणून आधी लिहून ठेवते.

आज सकाळी न्याहारीला सगळे टेबलाशी होतो आणि फोन वाजला. मुलाने नेहमीसारखा तो मोठ्या आवाजावर ठेवला. तू म्हणालास, 'ताई, मी इथे मधेच उतरलोय. काही काळजी करू नकोस. मी आरामात आहे, तुमचं सावकाश चालू द्या.'

माझ्या हातातला चमचा खाली पडला. त्यांना काहीच कळलं नाही. मला कळलं.

मी विचारलं, 'हातात काय आहे तुझ्या?' तू म्हणालास, 'पासपोर्ट आणि ओकारीची पिशवी.' नात खदखदून हसली. मी विचारलं, 'बसलास तिथून काय दिसतं?' तू म्हणालास, 'एक बाई काच पुसतेय. बाहेरून पुसायची राहिली आहे, तिला बाहेर जाता येत नसेल.' मग तू बोलायचाच थांबलास. एक्स्चेंजमध्ये इतकी वर्षं काढल्यावर लाईन तुटलेली कोणती आणि लाईनवर माणूस गप्प आहे ती कोणती, एवढं मला कळतं. मग तू हळूच म्हणालास, 'मला नाही जमत, ताई. मी मागे जातो.'

मुलगा लगेच पुढे वाकला. 'मामा, अजिबात मनाला लावून घेऊ नका, मी परतीचं बघतो.' त्याचा हात फोनकडे गेला. आणि मला वाटलं, आता हा फोन बंद झाला की माझं दार कायमचं बंद झालं.

पुढचं तू ऐकलंच आहेस, पण मी स्वतःच्या हाताने लिहून ठेवते, नाहीतर मी ते बोलले यावर माझाच विश्वास बसायचा नाही. मी म्हटलं, 'नाही. तो मागे जायचा नाही. पान्या, ऐक. मी इथे अडकले आहे. मला माझ्या घरी यायचं आहे आणि एकटीने मला ते दार उघडत नाही. तू बाहेर उभा राहून बोलत राहिलास तरच मला जमेल. येतोस की नाही?'

मुलाने पुन्हा फोनकडे हात नेला, तर सुनेने त्याचं मनगट धरलं. घट्ट धरलं. तू पलीकडून म्हणालास, 'बॅग रिकामीच आणली आहे गं.' मी म्हटलं, 'ते मला माहीत होतं.' तू म्हणालास, 'सीट मधली आहे.' मी म्हटलं, 'मग दोन्ही दांड्या तू घे. आधीच हात ठेव. आणि पाणी हवं तेवढं पी, हवं तितक्या वेळा त्या माणसाला उठव.' आणि मग किती वेळ आपण काय बोललो देव जाणे. तू मला बोगद्यातून चालत चालत सांगत होतास, पायाखाली काय आहे, समोरच्याच्या कोटाचा रंग कोणता आहे, भिंतीवर काय लिहिलं आहे. त्या काउंटरवरच्या बाईने स्वतःचा फोन तुझ्या हातात दिला होता आणि ती तुझ्याबरोबर चालत होती, हेही तू मला चालता चालताच सांगितलंस. तिचं भलं होवो. शेवटी तू म्हणालास, 'बसलो.' मी म्हटलं, 'लाईन सोडते आता.' आणि फोन मीच ठेवला.

मग मुलाने विचारलं, 'आई, तू अडकली आहेस?' त्याचा चेहरा लहानपणी ताप यायचा तेव्हासारखा झाला होता. 'मी तर तुला सांभाळत होतो.'

'सांभाळलंस रे,' मी म्हटलं, 'फार सांभाळलंस.'

'मग बोलली का नाहीस?'

'तू उठला असतास म्हणून.' त्याला ते कळलं नसणार. कधीतरी माझी पत्रं त्याला वाचायला दे. आता माझी हरकत नाही.

तो उठला आणि गाडी घेऊन निघून गेला. मला वाटलं, रागावला. मी नातीची वेणी घालत बसले. सून शेजारी येऊन बसली. म्हणाली, 'आई, पोरीचं आम्ही बघू. बघायलाच हवं होतं. आणि त्या दाराचं म्हणाल तर मी कचरा टाकायला खाली गेले तरी मला फोन येतो.' आम्ही दोघी हसलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तिच्याही आलं. इतके दिवस एका घरात राहून हे आम्ही एकमेकींना कधी सांगितलं नव्हतं.

मुलगा परत आला तो ऑफिसातून. सुट्टीचा दिवस, कुलूप उघडून घेऊन आला. लोण्याच्या डबीशेजारी माझा पासपोर्ट ठेवला आणि म्हणाला, 'वर्षातून एकदा तरी येशील ना?' मी म्हटलं, 'परतीचं तिकीट माझ्या हातात ठेवलंस तर नक्की येईन.' त्याने मान हलवली. मग तो खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण मी उठून त्याच्या मागे गेले नाही.

आता तुला आणायला विमानतळावर जायची तयारी चालली आहे. नातीचा तो दुसरा मोजा सापडला, माझ्याच उशीखाली होता. मी म्हटलं, तुम्ही आवरा, मी पुढे खाली जाऊन उभी राहते. आता हे शेवटचं खालच्या पायरीवर बसून लिहिते आहे. चपला घातल्या, दार उघडलं. आत दोघांचे फोन वाजले. सवयीने मी उंबऱ्यावर थांबले, आता हाक येईल म्हणून. कानात यंत्र होतं, सगळं नीट ऐकू येत होतं. हाक आली नाही. नातीने विचारलं, 'आजी खाली गेली?' आणि मुलगा म्हणाला, 'हो, गेली.'

तू हे वाचशील तेव्हा आलेलाच असशील, तरी लिहिते. उतरल्यावर पाय सुजलेले असतील, घाई करू नकोस. बॅग पट्ट्यावर येईपर्यंत थांब, रिकामी असली तरी आपल्याला ती लागणार आहे. सावकाश ये. मी बाहेर उभी आहे.

तुझी,
ताई